वेंडेल रॉड्रिक्स, कुणबी साडी आणि 'कशावरून?' हा प्रश्न

समजा, तुम्ही रिसर्च कमिटीसमोर ठेवायला एक सिनॉप्सिस तयार केला आहे. शीर्षक आहे 'वेंडेल रॉड्रिक्स यांच्या वेशरचनेवर क्विअर ओळखीचा प्रभाव'. विषय नवा आहे, माणूस प्रसिद्ध आहे, गोव्यातला आहे, साधनं हाताशी आहेत. तुम्ही खुशीत. कमिटीतले एक सर चष्मा कपाळावर सरकवतात आणि एकच शब्द विचारतात: कशावरून?

आमच्या गाईड मॅडम समासात हाच शब्द लिहितात, लाल पेनाने. सुरुवातीला राग येतो. पण इतिहासात पीएच.डी. करायची म्हणजे आयुष्याची चार-पाच वर्षं या एका शब्दाला उत्तर देत बसायचं, असं समजा. म्हणून आज हा विषय घेऊन बघू. एखादा डिझायनर समलैंगिक आहे आणि ते त्याच्या कामात उतरलं, असं म्हणायचं असेल, तर इतिहासकाराने नेमकं काय दाखवावं लागतं?

आधी माणूस कोण ते पाहू. वेंडेल रॉड्रिक्स यांचा जन्म 28 मे 1960 चा, मुंबईतल्या गोवेकर कॅथलिक कुटुंबातला. माहीमच्या सेंट मायकल्स शाळेत शिक्षण. मग केटरिंगचा डिप्लोमा. 1982 मध्ये मस्कतला रॉयल ओमान पोलिसांच्या ऑफिसर्स क्लबमध्ये नोकरी. तिथे साठवलेल्या पैशावर 1986 ते 1988 या काळात लॉस एंजेलिस आणि पॅरिस इथे फॅशनचं शिक्षण. ओमानमध्येच त्यांना जेरोम मॅरेल हे फ्रेंच जोडीदार भेटले, ते शेवटपर्यंत सोबत राहिले. परत आल्यावर गार्डन वरेली, लॅक्मे अशा कंपन्यांसाठी काम, 1989 मध्ये स्वतःचं लेबल. 1993 मध्ये मुंबई सोडून बार्देशातल्या कोलवाळ या आपल्या मूळ गावी. 2014 मध्ये पद्मश्री. 2016 मध्ये लेबल आपल्या शिष्येकडे, शुलेन फर्नांडिस यांच्याकडे सोपवून ते वेशभूषेच्या संग्रहालयाच्या मागे लागले. 12 फेब्रुवारी 2020 रोजी, साठीला तीन-साडेतीन महिने कमी असताना, कोलवाळलाच निधन.

ही झाली जंत्री. आता मोह कुठे होतो ते बघा. रॉड्रिक्स यांचे कपडे साधे असायचे. पांढरा रंग भरपूर, भरतकाम कमी, अंगावरून सैल सुटलेलं कापड, भौमितिक काप. 1990 च्या आसपास, जेव्हा भारतीय फॅशन म्हणजे लग्नाचा लेहंगा आणि जरदोजी असंच समीकरण होतं, तेव्हा हे फार वेगळं होतं. इथे हात शिवशिवतात लिहायला: 'समलैंगिक असल्यामुळे त्यांनी स्त्री-पुरुषांच्या ठरीव साच्याला नकार दिला आणि म्हणून त्यांचे कपडे देहाला बांधून ठेवत नाहीत.' वाक्य छान आहे. सेमिनारमध्ये माना डोलतील.

कशावरून?

रॉड्रिक्स यांनी स्वतः आपल्या पहिल्या शोची हकिगत सांगितली आहे. बारा पोशाख दाखवायचे होते. पैसे पुरले नाहीत. निम्म्या पोशाखांना खालची पँट शिवायलाच जमलं नाही, बुटांचा खर्च झेपला नाही. जे होतं ते रॅम्पवर गेलं. आणि समीक्षकांनी त्यांना मिनिमलिझमचा गुरू ठरवलं! आता सांगा, साधेपणाचं मूळ ओळखीत शोधायचं की रिकाम्या खिशात? अर्थात, खिसा रिकामा होता म्हणून एक शो साधा झाला. पुढे पैसा आल्यावरही पंचवीस वर्षं साधेपणा टिकला, त्याला दुसरं कारण हवंच. पण ते कारण 'ओळख' हेच आहे, असं सिद्ध करायला आपल्याकडे काही नाही. त्यांनी स्वतः दिलेली कारणं वेगळी आहेत: गोव्याची उष्ण, दमट हवा, पॅरिसचं शिक्षण, आणि परदेशात काम मागायला गेल्यावर ऐकावा लागलेला प्रश्न, की तुझ्या चित्रांत तुझा देश कुठे आहे?

तेव्हा कपड्याच्या आकारावरून कबुलीजबाब वाचायचा नाही, हे पहिलं पथ्य. कपडा बोलत नाही. आपण त्याच्या तोंडी शब्द घालतो.

मग सिनॉप्सिस फाडून टाकायचा का? नाही. प्रश्न जरा हलवायचा. ओळखीचा ठसा कपड्यात दिसत नसेल, तर माणसाने घेतलेल्या निर्णयांत दिसतो का ते बघायचं: कुठे राहिला, काय जपलं, कोणाबद्दल लिहिलं, कशावर वेळ आणि पैसा घालवला. निर्णयांना तारखा असतात. आणि तारखा हे आपलं, म्हणजे इतिहासवाल्यांचं, घरचं मैदान आहे.

एक कोरा कागद घ्या. डाव्या बाजूला कायद्याच्या तारखा, उजव्या बाजूला माणसाच्या.

डावीकडे: भारतीय दंड विधान, 1860 चं, इंग्रजांनी केलेलं. त्यातलं कलम 377. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता, त्यामुळे हे कलम तिथे पोचलं ते 1961 च्या मुक्तीनंतर. (गोव्याच्या मुक्तीसोबत काय काय आलं याची यादी करताना हे सहसा कोणी लिहीत नाही.) 2 जुलै 2009 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांचे खाजगीतले, संमतीचे संबंध या कलमाबाहेर काढले. 11 डिसेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि कलम पुन्हा जसंच्या तसं उभं राहिलं. 6 सप्टेंबर 2018 रोजी घटनापीठाने ते शेवटी बाद केलं, संमतीच्या संबंधांपुरतं. 17 ऑक्टोबर 2023 रोजी समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचं त्याच न्यायालयाने नाकारलं.

आता उजवीकडे. 2002 मध्ये रॉड्रिक्स आणि मॅरेल यांनी गोव्यात 'पॅक्स' केला. पॅक्स म्हणजे फ्रान्सने 1999 मध्ये आणलेला नागरी सहजीवनाचा करार. लग्न नव्हे, पण नोंद होते, हक्क मिळतात. म्हणजे गोव्याच्या मातीवर उभं राहून फ्रान्सच्या कायद्याने सही. त्या कागदाला भारतात किंमत शून्य. उलट भारतात तेव्हा 377 पूर्ण जिवंत होतं. हे त्यांनी लपूनछपून केलं नाही, समारंभ करून केलं आणि वर्तमानपत्रांत त्याची चर्चा होऊ दिली.

'द ग्रीन रूम' हे आत्मचरित्र कधी आलं? 2012 मध्ये. डावीकडे बघा. 2009 ते 2013 या साडेचार वर्षांच्या फटीत. त्या काळात असं आयुष्य छापून सांगणं हा गुन्ह्याचा कबुलीजबाब ठरत नव्हता. एरवीही ते मोकळेपणाने बोलत होतेच, त्यामुळे 'निकाल लागला म्हणून पुस्तक लिहिलं' असा सरळ कार्यकारणभाव लावू नका. पण आत्मचरित्र साधन म्हणून वापरताना ते कोणत्या हवेत लिहिलं गेलं, प्रकाशकाला काय छापणं निर्धोक वाटलं असेल, हा प्रश्न विचारायलाच हवा. 1992 मध्ये तेच पुस्तक तसंच छापलं गेलं असतं का?

आणि मग ही जोडी बघा. 11 डिसेंबर 2013: सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. 25 जानेवारी 2014: पद्म पुरस्कारांची घोषणा, त्यात वेंडेल रॉड्रिक्स यांना पद्मश्री. मध्ये दीड महिना! एकाच देशाच्या एका दारातून त्यांचं घरातलं आयुष्य पुन्हा गुन्ह्याच्या सावलीत गेलं आणि दुसऱ्या दारातून त्यांच्या नावाचं सन्मानपत्र बाहेर आलं. इथे एक बारकावा सांभाळा, कारण व्हायवात हमखास पकडतात: 377 ने 'समलैंगिक असणं' कधीच गुन्हा ठरवलं नव्हतं, विशिष्ट शरीरसंबंध गुन्हा ठरवले होते. व्यवहारात पोलिसांनी, ब्लॅकमेल करणाऱ्यांनी आणि घरच्यांनी तो फरक फारसा पाळला नाही, ही गोष्ट खरी. पण तुम्ही लिहिताना पाळा.

या दोन रकान्यांतून मला जे दिसतं ते असं. हा माणूस आयुष्यभर अशा घरात राहिला, जे घर कागदावर नव्हतं. जोडीदार आहे, छप्पर आहे, पाहुणेरावळे आहेत, गावात मान आहे; पण सरकारी दप्तरात त्या नात्याचा रकानाच नाही. हे मनात ठेवून त्यांच्या नंतरच्या कामाकडे वळा. मला वाटतं, खरा पुरावा तिथे आहे.

तीन गोष्टी घेऊ: एक साडी, एक जाडजूड पुस्तक, एक कादंबरी.

साडी म्हणजे गोव्याची कुणबी साडी. महाराष्ट्रातल्या वाचकांनी इथे थांबावं. आपल्याकडे कुणबी म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं ते हे नाही. गोव्यातले कुणबी, गावडा आणि वेळीप हे तिथले जुने रहिवासी, 2003 मध्ये अनुसूचित जमातींत आलेले. भातशेतीत वाकून काम करणाऱ्या बाईची ही साडी: लाल-पांढऱ्या बारीक चौकटी, जाडसर सुती कापड, आखूड, पोटरीच्या वर खोचलेली, पदर खांद्यावर घेऊन गाठ मारलेली. कोकणीत तिला नुसतं 'कापड' म्हणतात. गिरणीच्या साड्या आल्या, माग थांबले, नेसणाऱ्या आज्या उरल्या. 2010 च्या सुमारास रॉड्रिक्स यांनी ती गोव्यात पुन्हा हातमागावर विणून घेतली आणि दिल्लीच्या फॅशन वीकमध्ये रॅम्पवर आणली.

पुस्तक म्हणजे 2012 चं 'मोडा गोवा'. गोव्याच्या वेशभूषेचा इतिहास, प्राचीन शिल्पांपासून आजपर्यंत. त्यासाठी ते लिस्बनच्या वेशभूषा संग्रहालयातही काम करून आले. त्यात पानो-भाजूसारखे पोशाख आहेत, जो घालून मांडो नाचतात. त्याचं नातं गोव्याबाहेर, मलय भाषेतल्या 'बाजू'शी, म्हणजे पोर्तुगीज जहाजांच्या वाटेवरच्या आग्नेय आशियाशी लागतं. गोव्यात कपडा हा कधीच नुसता कपडा नव्हता, हेही ध्यानात घ्या. 14 एप्रिल 1736 चा इन्क्विझिशनचा आदेश अ. का. प्रियोळकरांच्या 'द गोवा इन्क्विझिशन' या 1961 च्या ग्रंथात वाचायला मिळतो. त्यात बाटलेल्या ख्रिस्ती पुरुषांनी धोतर नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये अशी कलमं आहेत. कोण कोणाच्या घरात काय घालून बसतो, याचीही दखल घेणारी सत्ता. ज्या माणसाच्या शयनगृहात 1860 चा कायदा डोकावत होता, त्याला हा आदेश वाचताना काय वाटलं असेल? बघा, हे वाक्य मी लिहिलं खरं, पण प्रबंधात ते चालणार नाही. काय वाटलं असेल याला पुरावा नाही. लेखात कुतूहल म्हणून चालतं, प्रबंधात समासात लाल पेन येतं.

तिसरी गोष्ट कादंबरी, 'पोसकें', 2017 ची. आपल्या 'पोसणे' या धातूतलाच हा शब्द. गोव्यातल्या बऱ्या घरांत अनाथ किंवा गरिबाचं मूल आणून वाढवायची पद्धत होती. ते मूल घरातच वाढायचं, घरातली कामं करायचं, म्हाताऱ्यांची उस्तवार करायचं, कित्येकदा बिनलग्नाचं राहायचं. 'घरचंच आहे' असं सगळे म्हणायचे. पण कायदेशीर दत्तकविधान झालेलं नसे, त्यामुळे वाटणीची वेळ आली की त्याला हक्क नसे. गोव्यात पोर्तुगीज दिवाणी कायद्याचा वारसा अजून चालतो. त्यात कायदेशीर वारसांचा हिस्सा मृत्युपत्राने पूर्ण डावलता येत नाही. ज्याचं नाव कागदावर वारस म्हणून नाही, त्याची जागा म्हणूनच फार डळमळीत. रॉड्रिक्स यांनी या पोसक्यांवर कादंबरी लिहिली. गोव्यातल्या बऱ्याच सुस्थित घरांना तो विषय उघडा पडलेला आवडण्यासारखा नव्हता.

आता तिन्ही शेजारी ठेवा. शेतमजूर बाईचं कापड, ज्याला फॅशनच्या इतिहासात जागा नव्हती. गोव्याचे पोशाख, जे पोर्तुगीज आणि भारतीय अशा दोन्ही इतिहासांच्या कडेला पडले होते. आणि घरात राहून घराच्या कागदावर नसलेली माणसं. माझं म्हणणं एवढंच आहे: क्विअर ओळखीने रॉड्रिक्स यांना काय *शिवावं* हे शिकवलं असं दाखवता येत नाही, पण काय *नोंदवावं*, कोणाकडे बघावं, हे ठरवण्यात तिचा हात होता असं म्हणायला बऱ्यापैकी जागा आहे. आत असून बाहेर असण्याची जागा त्यांना ठाऊक होती.

ठीक. आता मीच माझ्यावर लाल पेन चालवते.

पहिला आक्षेप: गोवा सोडून मुंबईत वाढलेल्या कुठल्याही गोवेकराला, परत गावी गेल्यावर, हरवत चाललेल्या गोष्टी जपाव्याशा वाटतात. त्यासाठी समलैंगिक असायची गरज नाही. मारिओ मिरांडांनी गोव्याचा गाव रेखाटला, कित्येकांनी जुनी घरं जपली. बरोबर आहे. कुणबी साडीपुरतं हे स्पष्टीकरण पुरेसं आहे, आणि मी ते मान्य करेन. 'मोडा गोवा'लाही बऱ्याच अंशी लागू पडतं. 'पोसकें'ला मात्र कमी पडतं. जपणूक करणारा माणूस साधारण अभिमानाच्या गोष्टी जपतो. पोसक्यांची गोष्ट घराच्या लाजेची आहे. गावावर प्रेम असणाऱ्याने ती का काढावी? इथे दुसरं काहीतरी काम करतंय. म्हणजे तीन पुराव्यांपैकी एकच खऱ्या अर्थाने माझ्या बाजूचा उरतो. चालेल. एक चांगला पुरावा तीन लटक्यांपेक्षा बरा, आणि हे सिनॉप्सिसमध्ये उघड लिहा.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. कुणबी बाईला यातून काय मिळालं? रॅम्पवरची साडी पूर्ण लांबीची झाली, सूत मऊ झालं, रंग वाढले, किंमत चढली. जी साडी नेसून चिखलात वाकायचं ती आता वातानुकूलित हॉलमध्ये आली, आणि तिच्याशी नाव जोडलं गेलं ते डिझायनरचं. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या विणली आणि नेसली त्यांची नावं किती ठिकाणी छापली गेली? वंचित असण्याचा एक अनुभव आला म्हणून माणसाला दुसऱ्याचं वंचितपण आपोआप कळतं, असं गृहीत धरू नका. रॉड्रिक्स यांची ओळख कायद्याच्या सावलीत होती, पण ते इंग्रजी बोलणारे, नावाजलेले, फ्रेंच जोडीदार असलेले गृहस्थ होते. त्याच बार्देशात शिलाई मशीनवर बसणारा एखादा समलैंगिक शिंपी 2002 मध्ये समारंभ करून सही करू शकला असता का? ओळख एक असली तरी तिची किंमत प्रत्येकाकडून वेगळी वसूल होते. प्रबंधात वर्ग आणि जात बाजूला ठेवून फक्त 'क्विअर' लिहिलंत, तर तो प्रबंध अर्धा राहील.

एक तुलना देते, म्हणजे पद्धत पक्की होईल. याच्या बरोबर उलटं उदाहरण अमेरिकेत आहे: रूडी गर्नराइख. जन्म 1922, व्हिएन्नातलं ज्यू कुटुंब, 1938 मध्ये नाझींपासून पळून आईसोबत लॉस एंजेलिसला. लेस्टर हॉर्टन यांच्या नृत्यपथकात नाचले. 1950 मध्ये हॅरी हे आणि आणखी तिघांसोबत त्यांनी मॅटाशिन सोसायटी सुरू केली, समलैंगिकांच्या हक्कांसाठी टिकून काम करणारी अमेरिकेतली पहिल्या काही संघटनांपैकी एक. तेव्हा साध्या वेशातले पोलीस पुरुषांना जाळ्यात ओढून अटक करायचे. 1952 मध्ये संस्थापकांपैकी डेल जेनिंग्ज यांच्यावर असाच खटला झाला आणि संघटनेने तो लढवला.

त्याच सुमारास गर्नराइख यांनी बायकांच्या स्विमसूटमधल्या पट्ट्या आणि आतला साचा काढून टाकला. 1964 मध्ये छाती उघडी ठेवणारा स्विमसूट आणला, जगभर गदारोळ झाला. 1970 मध्ये स्त्री आणि पुरुष, दोघांची डोकी भादरून, दोघांना एकसारखे कपडे घालून उभं केलं. ज्या देशात सॅन फ्रान्सिस्कोने 1863 मध्येच 'विरुद्ध लिंगाचा' पोशाख घालणं गुन्हा ठरवलं होतं आणि इतर अनेक शहरांत तसेच नियम होते, तिथे हे. 1974 मध्ये लॉस एंजेलिसच्या नगरपरिषदेने किनाऱ्यावर नागडं ऊन खायला बंदी केल्यावर त्यांनी उत्तर म्हणून थाँग काढली. कपडे इतके बोलके!

आणि माणूस? त्यांनी जाहीरपणे एकदाही आपली ओळख सांगितली नाही. मॅटाशिनचा सुरुवातीचा इतिहास लिहिला गेला तेव्हाही त्यांचा उल्लेख नावाऐवजी एका अक्षराने व्हायचा. ओरेस्ते पुच्चियानी या प्राध्यापकांसोबत ते तीस वर्षांहून अधिक काळ राहिले, 1985 मध्ये वारले, आणि दोघांच्या इस्टेटीतून एका नागरी हक्क संघटनेला समलैंगिकांच्या हक्कांसाठी कायमचा निधी मिळाला. इच्छापत्राने ते सांगितलं, जे तोंडाने सांगितलं नव्हतं.

रॉड्रिक्स: माणूस उघड, कपडे शांत. गर्नराइख: कपडे उघड, माणूस गप्प. दोघांनाही एकच पट्टी लावली तर एक जण हातातून निसटणार. गर्नराइख यांच्याबाबत कपड्यांवरून वाचायला जास्त आधार आहे, कारण पोलीस, कायदा, संघटना आणि कपडे यांच्या तारखा एकमेकांत अडकलेल्या आहेत. तिथेही प्रतिस्पर्धी स्पष्टीकरण आहेच: नर्तकाला अंग मोकळं लागतं, म्हणून त्याने स्विमसूट मोकळा केला. आणि त्या 1964 च्या स्विमसूटमधलं 'स्वातंत्र्य' कोणाचं? मॉडेल पेगी मॉफिट यांनी तो फक्त आपल्या नवऱ्याच्या कॅमेऱ्यासमोर घातला, लोकांसमोर घालायला नकार दिला. पुढे त्याचा खरा धंदा केला तो सॅन फ्रान्सिस्कोच्या नाइटक्लबनी, पुरुष गिऱ्हाइकांसाठी. डिझायनरचं मूल्य आणि कपड्याचं पुढचं आयुष्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुणबी साडीबद्दल विचारलेला प्रश्न इथेही तसाच उभा राहतो.

'क्विअर' या शब्दाबद्दलही एक सांगायचं राहिलं. मराठीत समलैंगिक, तृतीयपंथी हे शब्द रुळले आहेत, 'क्विअर' आता देवनागरीत तसाच येतो. गर्नराइख 1950 मध्ये स्वतःला या शब्दाने ओळखत नसणार, तेव्हा ती शिवी होती. तुमच्या प्रबंधात एक परिच्छेद खर्च करून सांगा की कुठला शब्द तुमचा आहे आणि कुठला त्या माणसाचा. नाहीतर परीक्षक तो प्रश्न व्हायवासाठी राखून ठेवतात.

आता कोणाला खरंच हा विषय घ्यायचा असेल, तर कामाचं बोलू. इंग्रजी आत्मचरित्र आणि मुलाखती वाचून झाल्या की तिथेच थांबू नका. त्या सगळ्या रॉड्रिक्स यांनीच सांगितलेल्या आहेत, आणि उत्तम गोष्ट सांगणारा माणूस हे इतिहासकारासाठी जरा अवघड साधन असतं, कारण तो आपल्याऐवजी अर्थही लावून देतो. गोव्यातली कोकणी आणि मराठी वर्तमानपत्रं 2002 पासून चाळा: पॅक्सची बातमी कुठल्या पानावर आली, कुठले शब्द वापरले, 'मित्र' लिहिलं की 'जोडीदार'. पद्मश्रीच्या बातमीत मॅरेल यांचं नाव आहे का? वाचकांची पत्रं बघा. चर्चशी संबंधित प्रकाशनं बघा, कारण कोलवाळ हा कॅथलिक गाव आहे आणि गावाने या दोघांना कसं सामावून घेतलं, हे इंग्रजी मासिकांत सापडणार नाही. पोर्तुगीज वाचता येत नसेल तर निदान एका वर्षाचा कोर्स करा.

आणि मागावर बसलेल्या बायकांकडे जा. पुनरुज्जीवनाची गोष्ट आजवर कापड दाखवणाऱ्याने सांगितली आहे. विणणाऱ्यांनी ती कशी सांगितली असती, कुठल्या आजीच्या पेटीतली साडी नमुना म्हणून आणली होती, चौकटीचा हिशोब कोणी लावला, मजुरी काय ठरली, हे विचारा. रॉड्रिक्स यांनी कोलवाळचं आपलं जुनं घर संग्रहालयासाठी दिलं आणि ते उघडायच्या आधीच ते गेले. तिथल्या प्रत्येक वस्तूला नोंद असणार. एखाद्या कुणबी साडीच्या नोंदीत 'देणाऱ्याचं नाव' या रकान्यात काय लिहिलंय, तिथून सुरुवात करा.